अर्नी हारवेल : वाणी आणि मौन

वाङ्मयाचा विचार करताना आम्ही टीकाकार मंडळी सहसा छापील अक्षरापाशी येऊन थांबतो. जे पुस्तकात बांधले गेले ते वाङ्मय आणि जे वाऱ्यावर विरून गेले ते नुसते बोलणे, अशी एक सोयीची वाटणी आम्ही करून ठेवली आहे. वस्तुतः ‘वाङ्मय’ या शब्दाच्या पोटात वाणी आहे. लेखणीचे त्यात नावही नाही. हरिदासाचे निरूपण, शाहिराने दोन कडव्यांच्या मध्ये घातलेली गद्याची जोड, माजघरात सांगितलेली कहाणी, ही सारी छापखान्याच्या कितीतरी आधीची. आणि त्यांना वाङ्मयाच्या पंक्तीस बसविण्यास आता कोणी हरकत घेत नाही. मग ध्वनिक्षेपणयंत्रापुढे बसून, डोळ्यांसमोर चाललेला खेळ शेकडो कोसांवरच्या श्रोत्यांस केवळ शब्दांनी दाखविणारा जो माणूस, त्याच्या कलेचे काय? तिला काही कसोट्या आहेत की नाहीत? असल्यास त्या कोणत्या?

हा प्रश्न आमच्या मनात उभा राहण्यास एक निमित्त घडले. अमेरिकेतील मिशिगन प्रांतात बेचाळीस वर्षांच्या अवधीत, मधले एक वर्ष सोडून, बेसबॉलचे धावते वर्णन करणारा अर्नी हारवेल याच्या काही वर्णनांची ध्वनिमुद्रणे सुटीत आमच्या ऐकण्यात आली. बेसबॉल हा खेळ आम्हांस परका. आमचा पिंड क्रिकेटवर पोसलेला. लहानपणी आकाशवाणीवरून बाळ ज. पंडित यांचे मराठी वर्णन कान देऊन ऐकणाऱ्या पिढीतले आम्ही. असे असूनही, ज्या खेळाचे नियमदेखील आम्हांस पुरते ठाऊक नाहीत त्याचे वर्णन आम्ही तास तास ऐकत बसलो. तेव्हा ती गोडी खेळाची नव्हे, बोलणाराची होती, हे उघड आहे. आणि जेथे बोलण्यातच गोडी आहे तेथे टीकाकाराला विचार करण्याचा अधिकार पोहोचतो.

धावत्या वर्णनाचा विषय निघाला की आपल्याकडे संजयाचे नाव निघाल्यावाचून राहत नाही. परंतु हे साम्य दिसते तितके सरळ नाही. भीष्मपर्व उघडून पाहावे. तेथे संजय रणांगणावरून परत येतो आणि धृतराष्ट्राला एकदम सांगतो की भीष्म पडले. त्यानंतर राजाने विलाप करून विचारल्यावर तो पहिल्या दिवसापासूनची हकीकत सांगू लागतो. म्हणजे शेवट आधी आणि कथा मागून. धावते वर्णन करणाराच्या वाट्याला हे भाग्य नाही. त्याला शेवट ठाऊक नसतो. किंबहुना सुरू केलेले वाक्य कोठे जाऊन संपणार हेही त्याच्या हाती नसते. कादंबरीकाराला खोडता येते, नटाला संहिता असते, वक्त्याला निदान विषय तरी असतो. याला यांतले काहीच नाही. संजयाशी त्याचे खरे साम्य आहे ते दुसऱ्याच बाबतीत. ज्याला दिसत नाही अशा माणसाने आपले डोळे पूर्ण विश्वासाने त्याच्या स्वाधीन केलेले असतात. हा विश्वास तो कसा सांभाळतो, ही या कलेची पहिली आणि शेवटची कसोटी होय. हारवेलला आम्ही तीच लावून पाहणार आहोत.

त्याचे चरित्र थोडक्यात असे. २५ जानेवारी १९१८ रोजी जॉर्जिया प्रांतातील वॉशिंग्टन नावाच्या लहानशा गावी त्याचा जन्म झाला आणि अटलांटा शहरी तो वाढला. पुढे जो केवळ जिभेवर जगला, त्याची जीभ लहानपणी जड होती. त्याला ‘स’ नीट उच्चारता येत नसे आणि पोरे त्याची टवाळी करीत. घरची स्थिती बेताचीच. तरीही आईबापांनी पदरचे पैसे खर्चून त्याला वाणी सुधारणाऱ्या शिक्षकांकडे पाठविले. तो घरोघर वृत्तपत्रे टाकी आणि त्याच्या गिऱ्हाइकांत कादंबरीकर्त्री मार्गारेट मिचेल होती. सोळाव्या वर्षी त्याने एका प्रसिद्ध क्रीडासाप्ताहिकाला पत्र लिहून अटलांट्याचे बातमीदारपण मिळविले. आपण पोर आहोत हे कळू नये म्हणून सही मात्र चांगली भारदस्त केली! एमरी विद्यापीठातील शिक्षण, अटलांट्याच्या ध्वनिक्षेपण केंद्रावरील उमेदवारी, महायुद्धात आरमारी सैन्यात काढलेली चार वर्षे, हे सारे पार पडून तो अटलांट्याच्या संघाचा वर्णनकार झाला. १९४८ मध्ये ब्रुकलिनच्या संघाचा नामांकित वर्णनकार रेड बार्बर आजारी पडला. ब्रुकलिनवाल्यांना हारवेल हवा होता. अटलांटेकरांनी त्याच्या बदल्यात क्लिफ डॅपर नावाचा एक खेळाडू मागून घेतला. बोलणाऱ्या माणसाची खेळणाऱ्या माणसाशी अदलाबदल झाल्याचे त्या खेळाच्या इतिहासात हे एकच उदाहरण आहे. वाणीची किंमत बाजारात एका खेळाडूइतकी ठरली, ही गोष्ट आम्हां शब्दांच्या धंद्यातील लोकांनी अभिमानाने नमूद करावी अशी आहे.

पुढे न्यूयॉर्क, मग १९५४ पासून बाल्टिमोर आणि अखेर १९६० पासून डेट्रॉइट. न्यूयॉर्कमधील एक प्रसंग येथे सांगितला पाहिजे. ३ ऑक्टोबर १९५१ रोजी बॉबी थॉमसनच्या एका फटक्याने न्यूयॉर्कच्या संघाने ब्रुकलिनकरांकडून अजिंक्यपद हिसकावले. त्या दिवशी हारवेल दूरचित्रवाणीवर बोलत होता, आणि त्याचा सहकारी रस हॉजेस नभोवाणीवर. हॉजेसचे शब्द एका श्रोत्याने मुद्रित करून ठेवले आणि ते अमर झाले. हारवेलचे शब्द हवेत गेले. त्या क्षणाचे वर्णन आपण केले हे आपल्याला आणि आपल्या पत्नीलाच काय ते ठाऊक, असे तो पुढे विनोदाने म्हणत असे. या कलेतील कीर्ती किती आकस्मिक असते हे यावरून दिसून येते. काळ येथे निवड करतो ती गुणाची नव्हे, फितीची.

आता त्याच्या शैलीकडे वळू. तिचा पहिला गुण म्हणजे संथपणा. दक्षिणेकडील हेल त्याच्या बोलण्यातून अखेरपर्यंत गेला नाही, आणि तो घालविण्याची त्याने खटपटही केली नाही. बेसबॉलमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये बराच अवकाश असतो. तो बडबडीने भरून काढण्याचा मोह फार मोठा. बहुतेक वर्णनकार त्याला बळी पडतात. हारवेल त्या अवकाशात गप्प राहतो. मग ऐकू येतो तो प्रेक्षकांचा कलकलाट, फेरीवाल्याची आरोळी, बॅटचा ठणका. मैदान आपल्यापाशी चालत येते ते त्याच्या शब्दांपेक्षाही त्या शब्दांतील फटींतून. गुरुस्थानी असलेला बार्बर आपल्यापुढे तीन मिनिटांचे वाळूचे घड्याळ ठेवीत असे. वाळू संपली की धावसंख्या सांगावयाची, कारण नुकताच ऐकू लागलेला श्रोता तिष्ठत असतो. हारवेलच्या वर्णनातही या उशिरा आलेल्या पाहुण्याचे भान सदैव जागे असते. कीर्तन रंगात आले असता मागून येऊन खांबापाशी बसणाऱ्यालाही कथेचा धागा सापडावा, अशी काळजी घेणारे हरिदास आम्ही पाहिले आहेत. ही तीच जात.

कीर्तनाशी असलेले साम्य येथेच संपत नाही. दरवर्षी वसंतारंभी सरावाचे सामने सुरू झाले की पहिल्या वर्णनाचा आरंभ तो ‘गीतरत्न’ या बायबलातील काव्यग्रंथातील वसंतागमनाच्या ओळी म्हणून करीत असे. मिशिगनचा हिवाळा म्हणजे महिनेच्या महिने बर्फ. तेथील माणसाला ऋतू पालटल्याची वर्दी झाडापेक्षा या आवाजाने अगोदर दिली. हे नमन झाले. पुढील निरूपणात त्याच्या ठरीव म्हणी येत. चेंडू समोरून जात असता बॅट न हलविता बाद झालेल्या फलंदाजाला तो रस्त्याकडेच्या घराची उपमा देई: घर उभेच, वाटसरू निघून गेला. तीच उपमा शेकडो वेळा आली तर ती शिळी होत नाही काय? छापील पानावर होईल, यात संशय नाही. परंतु मौखिक परंपरेत ठरीव शब्द हा दोष नसून विसावा असतो. श्रोता त्याची वाट पाहतो. पोवाड्यातील ‘जी जी’ कोणी पुनरुक्ती म्हणून खोडून टाकीत नाही.

त्याची सर्वांत गाजलेली खोड मात्र टीकाकाराला अंमळ अडचणीत टाकणारी आहे. फटका चुकून चेंडू प्रेक्षकांत गेला आणि कोणी तो झेलला, की हारवेल सहज सांगे: तो कॅलमझूच्या एका गृहस्थाने घेतला, कधी सॅगिनॉचा, कधी इप्सिलांटीचा. ऐकणाऱ्या पोरांना वाटे, याला प्रत्येकाचे गाव ठाऊक तरी कसे? ठाऊक अर्थातच नव्हते. गावे तो मनाने घालीत असे. ज्याला आपण डोळे दिले त्याने असे खोटे सांगावे काय? आमचे उत्तर असे की, हे खोटे नव्हे, आमंत्रण आहे. त्या क्षणी कॅलमझूतील हरएक घराला वाटे की आपल्यापैकीच कोणीतरी तेथे बसला आहे. प्रांताच्या नकाशावरील गाव न् गाव त्याने असे मैदानात आणून बसविले. खेळातील घडामोड तर यामुळे रेसभरही बदलत नाही. आणि लबाडी सर्वांना कळूनही कोणाची फसवणूक होत नाही. क्षेमेंद्राने ज्याला औचित्य म्हटले, ते येथे शाबूत आहे.

परंतु हेच औचित्य आम्हांस दुसऱ्या एका प्रसंगापाशी आणून उभे करते, आणि तेथे आम्हांस इतक्या सहज पुढे जाता येत नाही. २३ जुलै १९६७ हा रविवार. पहाटे डेट्रॉइटच्या बाराव्या रस्त्यावर पोलिसांनी एका विनापरवाना मद्यगृहावर छापा घातला, आणि त्यातून जी दंगल पेटली तिच्यात पुढील काही दिवसांत ४३ माणसे मेली. त्यांतील बहुसंख्य कृष्णवर्णीय होती. त्याच दुपारी मैदानावर न्यूयॉर्कच्या संघाशी लागोपाठ दोन सामने चालले होते. डाव्या बाजूच्या प्रेक्षागारापलीकडे काळा धूर चढत होता. वर्णनकक्षात संघाच्या चालकांकडून निरोप आला की धुराचा उल्लेख करू नये. हारवेलच्या सहकाऱ्याने पुढे तसे सांगितले आहे. उल्लेख झाला नाही. चेंडू सांगितला, धावा सांगितल्या, आकाश सांगितले नाही. त्याच संघात विली हॉर्टन नावाचा, डेट्रॉइटमध्येच वाढलेला एक कृष्णवर्णीय खेळाडू होता. तो सामना आटोपल्यावर खेळाच्याच कपड्यांनिशी दंगलीच्या भागात गेला आणि एका मोटारीवर उभा राहून जमावाला शांत होण्याची विनवणी करू लागला. त्याचे कोणी ऐकले नाही. पण तो गेला.

हारवेलचे चाहते या प्रसंगाचे समर्थन करतात. धुराची वार्ता सांगितली असती तर हजारो प्रेक्षकांत घबराट माजली असती. शिवाय तो नोकर, हुकमाचा ताबेदार. दोन्ही मुद्दे खरे आहेत. परंतु संजयही धृतराष्ट्राचा नोकरच होता, आणि त्याने त्या आंधळ्या राजाला त्याच्या एकेका पुत्राच्या वधाची वार्ता सांगितली. एवढेच नव्हे, तर हा तुझाच दोष असेही वेळोवेळी ऐकविले. संघाच्या पगारावर असलेल्या वर्णनकाराची मर्यादा येथे उघडी पडते. त्याला सर्व दिसते. सांगावयाचे किती ते दुसरा ठरवितो. ज्या मौनाची आम्ही वर स्तुती केली ते मौन कलेचे होते. हे मौन भाडेकराराचे आहे. कॅलमझूचा नसलेला गृहस्थ ज्याने हौसेने दाखविला, त्याने असलेला धूर दाखविला नाही, हे आम्हांस बोचते, आणि ते बोचत असल्याचे लपविणे ही टीका नव्हे.

तथापि माणसाचा हिशेब एका दिवसावरून मांडू नये. पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, डेट्रॉइटचा संघ अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेत पोहोचला. घरच्या मैदानावरील सामन्यांच्या आरंभी राष्ट्रगीत म्हणण्यास गायक निवडण्याचे काम हारवेलकडे आले. तो स्वतः गीते रचणारा असल्यामुळे त्या वर्तुळात त्याची ओळख होती. पाचव्या सामन्यासाठी, ७ ऑक्टोबर रोजी, त्याने होसे फेलिसियानो या तेवीस वर्षांच्या गायकास बोलाविले. पोर्तो रिको बेटात जन्मलेला, जन्मांध, हाती गिटार. त्याने राष्ट्रगीत आपल्या ढंगाने, संथ आणि आर्त सुरात म्हटले. आज त्यात कोणाला काही वावगे वाटणार नाही. किंबहुना त्यानंतर तशी प्रथाच पडून गेली. परंतु ते व्हिएतनामच्या युद्धाचे वर्ष होते. देशभर संतापाची लाट उसळली, दूरध्वनी खणखणू लागले, गायकाची गाणी कित्येक केंद्रांनी वाजविणे बंद केले. आणि निवड करणाराची नोकरी जाण्याची वेळ आली. या वेळी हारवेल गप्प बसला नाही. गायकाला आपल्या अंतःकरणाप्रमाणे गाण्याचा हक्क आहे, असे त्याने उघड सांगितले आणि निवडीची जबाबदारी आपल्या शिरावर घेतली. मागच्या वर्षीचे कर्ज त्याने असे फेडले, असे म्हणण्याचा आम्हांस मोह होतो. पण तसा पुरावा आमच्यापाशी नाही. इतकेच म्हणतो की, जो माणूस डोळसांना धूर सांगू शकला नव्हता, तो एका आंधळ्याच्या सुरासाठी उभा राहिला. योगायोग असा की, त्याच सामन्यात हॉर्टनच्या एका अचूक फेकीने लू ब्रॉक बाद झाला, तेथून मालिकेचे पारडे फिरले आणि डेट्रॉइटने अजिंक्यपद मिळविले.

त्याच्या लोकसेवेविषयी बोलताना लोक सहसा याद्या देतात. यादी देण्यासारखी आहेही. खेळाच्या इतिहासाची पुस्तके, चित्रे, कागदपत्रे असा त्याचा आयुष्यभराचा संग्रह त्याने १९६६ पासून डेट्रॉइटच्या सार्वजनिक ग्रंथालयास देऊन टाकला. आज कोणीही अभ्यासक तो पाहू शकतो. गरीब मुलांच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठी त्याच्या नावाचा निधी उभा राहिला. निवृत्तीनंतर, वयाची पंचाऐंशी उलटल्यावरही, चालावे, व्यायाम करावा, असे तो वृद्धांना गावोगाव सांगत फिरे. हे सर्व स्तुत्य आहे. परंतु असे दान सधन आणि नामांकित माणसे पुष्कळ करतात. त्याची खरी सेवा आमच्या मते त्याच्या कामातच होती. डेट्रॉइट हे मोटारींच्या कारखान्यांचे शहर. रात्रपाळीचा कामगार, अंथरुणाला खिळलेला रोगी, एकटी म्हातारी, उशीखाली यंत्र दडवून ऐकणारे पोर, यांच्यासाठी तो दररोज, न चुकता, त्याच सुरात हजर असे. पंचावन्न वर्षांच्या आयुष्यक्रमात स्वतःच्या कारणाने त्याने दोनच सामने चुकविले, त्यांतला एक भावाच्या अंत्यविधीसाठी. निष्ठेने हजर राहणे हीदेखील सेवा आहे. आणि ज्या शहराने त्या काळात जळणे, ओस पडणे, कारखाने बंद होणे हे सारे भोगले, तेथे एक आवाज बदलला नाही, ही गोष्ट लहान नव्हे.

ती लहान नाही हे १९९० च्या डिसेंबरात सिद्ध झाले. संघाच्या आणि ध्वनिक्षेपण केंद्राच्या चालकांनी, पुढील वर्षानंतर हारवेलची गरज नाही, असे जाहीर केले. त्या वेळी तो बहात्तर वर्षांचा होता. प्रांतभर जो क्षोभ उसळला तो एखाद्या पुढाऱ्याला शोभावा असा होता. ज्याने कधी स्वतःसाठी आवाज चढविला नाही, त्याच्यासाठी सबंध प्रांताने चढविला. संघाची मालकी बदलली आणि १९९३ मध्ये नव्या मालकाने त्याला परत बोलाविले. २००२ मध्ये तो स्वेच्छेने निवृत्त झाला. काढून टाकणाऱ्यांविषयी कटू शब्द त्याने तोंडातून काढला नाही. याला कोणी सज्जनपणा म्हणेल, आम्हीही म्हणतो. मात्र त्याच सज्जनपणाची दुसरी बाजू आम्ही १९६७ च्या त्या दुपारी पाहिली आहे, हेही विसरत नाही. मालकाविरुद्ध न बोलणारा माणूस कधी थोर दिसतो आणि कधी उणा. स्वभाव मात्र एकच असतो.

२००९ च्या सप्टेंबरात त्याने आपल्याला असाध्य कर्करोग झाल्याचे जाहीर केले, आणि १६ सप्टेंबर रोजी सामना मध्येच थांबवून त्याला मैदानावर बोलाविण्यात आले. तो अवघी दोन-अडीच मिनिटे बोलला. आयुष्यभराचे निरोपाचे भाषण, आणि त्यात स्वतःविषयी जवळजवळ काही नाही. मिशिगनच्या लोकांनी आपल्यावर माया केली, त्याबद्दल आभार, एवढेच. हे भाषण आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही वक्तृत्वाचा नमुना म्हणून ऐकविले. एकाने विचारले, “सर, यात अलंकार कोठे आहेत?” आम्ही म्हणालो, “नाहीत, म्हणूनच ऐकविले.” ४ मे २०१० रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, तो वारला. त्याचा देह मैदानाच्या दाराशी, त्याच्याच पुतळ्याजवळ, दर्शनासाठी ठेवला होता. दहा हजारांहून अधिक माणसे येऊन गेली; त्यांतील बहुतेकांनी त्याला आयुष्यात पाहिलेही नसेल, फक्त ऐकले असेल.

आता निर्णय. हारवेल हा थोर वाक्कलावंत होता काय? होता, असे आमचे मत आहे. कारण शब्द कोठे घालावा यापेक्षा कोठे घालू नये हे त्याला अधिक कळत होते, आणि श्रोता हा त्याच्या दृष्टीने गिऱ्हाईक नसून पाहुणा होता. तो निर्दोष होता काय? नाही. ज्याच्यावर आंधळ्यांनी भरवसा टाकला आहे, त्याच्याकडून कलेपेक्षा काही अधिक मागण्याचा आम्हांस हक्क आहे, आणि एका रविवारी ते मिळाले नाही. आज आपल्याकडेही धावत्या वर्णनाला ऊत आलेला आहे; चित्र समोर दिसत असता शब्दांचा मारा चालू असतो, आणि बोलणारे बहुधा कोणाच्या ना कोणाच्या पगारावर असतात. त्यांच्याविषयी विचार करताना वर घातलेल्या दोन प्रश्नांचा उपयोग व्हावा: हा माणूस कोठे गप्प बसतो? आणि कोणाच्या सांगण्यावरून?

हारवेलच्या मृत्यूनंतर सहाच दिवसांनी, १० मे रोजी, डेट्रॉइटच्या मैदानावर सामन्याच्या आरंभी राष्ट्रगीत म्हणण्यास त्याच्या स्मरणार्थ फेलिसियानो आला होता. बेचाळीस वर्षांनी तोच गायक, तीच गिटार, तोच ढंग. या वेळी कोणी रागावले नाही.